आधी कोण?

२००९ साली पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलेघेनी डोंगरांत खणणाऱ्या तुकड्यांना आपण हे सगळं कुणासाठी खणतोय याची फारशी कल्पना नव्हती. वाट शक्य तितकी सरळ हवी, एवढीच सूचना होती. डोंगर आडवा आला तर वळसा न घालता त्याच्या पोटातून जायचं. शिकागोपासून न्यू जर्सीतल्या कार्टरेटपर्यंत, म्हणजे सुमारे १,३३० किलोमीटर, काचेच्या तंतूंची एकच केबल टाकायची होती. स्प्रेड नेटवर्क्स या कंपनीने त्यापायी सुमारे ३० कोटी डॉलर ओतले. ऑगस्ट २०१० मध्ये केबल सुरू झाली तेव्हा संदेश शिकागोहून न्यू जर्सीला जाऊन परत यायला १३ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागू लागला. आधीच्या वाटांच्या तुलनेत बचत झाली ती साधारण तीन मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या तीन हजारांशांची.

एवढ्यासाठी डोंगर पोखरायचा का, याचं उत्तर दोन बाजारांच्या नात्यात होतं. शिकागोत 'ई-मिनी' नावाचा वायदा चालतो. तो अमेरिकेतल्या पाचशे बड्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० या निर्देशांकावर बेतलेला आहे. त्याच निर्देशांकाच्या मागोमाग चालणारा 'एसपीवाय' हा फंड न्यू जर्सीतल्या यंत्रांवर शेअरसारखा विकला आणि घेतला जातो. दोन्हींचा आधार एकच, त्यामुळे शिकागोत भाव हलला की न्यू जर्सीतही तो हलणारच. पण ती खबर पोचेपर्यंत न्यू जर्सीत कुणीतरी जुन्याच भावाने माल मांडून बसलेला असतो. ज्याचं यंत्र आधी पोचतं ते तो जुना भाव उचलतं आणि मागून आलेल्याला नवा भाव मिळतो. एरिक बुडिश, पीटर क्रॅम्टन आणि जॉन शिम या अर्थशास्त्रज्ञांनी या दोन बाजारांची जुनी आकडेवारी पुढे बारकाईने तपासली. २००५ साली अशा संधींपैकी निम्म्या ९७ मिलिसेकंदांच्या आत संपून जात. २०११ साली निम्म्या संधी ७ मिलिसेकंदांतच संपू लागल्या होत्या.

संगणकावर चालणाऱ्या बाजाराचा न्याय दोन कसोट्यांवर उभा आहे. ज्याचा भाव चांगला तो आधी, आणि भाव सारखा असेल तर जो आधी आला तो आधी. एकाच बाजाराच्या आत ही रांग यंत्र आपोआप लावतं, तिथे कुणी मनगटाकडे बघत नाही. पण अमेरिकेतला एकच शेअर तोवर अनेक बाजारांत विकला जात होता. न्यू जर्सीतल्या माहवा, सिकॉकस आणि कार्टरेट या तीन गावांमधल्या डेटा सेंटरांत त्यांची बहुतेक यंत्रं होती, वायद्यांची यंत्रं शिकागोकडे होती. या वेगवेगळ्या ठिकाणी घडलेल्या दोन गोष्टींपैकी आधी काय घडलं, हे सांगायचं तर दोन घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत. आणि घड्याळांकडे त्या शर्यतीच्या काळात कुणी लक्ष दिलं नव्हतं.

शिकागोला हा प्रश्न नवा नव्हता. ११ ऑक्टोबर १८८३ रोजी याच शहरातल्या ग्रँड पॅसिफिक हॉटेलात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांचे प्रतिनिधी जमले आणि गावोगावच्या सूर्यावर चालणाऱ्या वेळा मोडून काही मोजके वेळपट्टे ठरवून गेले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला घड्याळं फिरवली गेली. तारेने संदेश क्षणात जाऊ लागला होता आणि शेजारच्या दोन शहरांची घड्याळं मात्र काही मिनिटांनी चुकत होती, हे रेल्वेला परवडणारं नव्हतं. (मुंबईने हा बदल स्वीकारायला किती वेळ घेतला ते इतिहासप्रेमींना ठाऊक आहे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, पण तिच्या ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' या शहराने १९५५ पर्यंत सोडली नाही.) १८८३ चा प्रश्न मिनिटांचा होता. २०१० चा प्रश्न हजारांशांचा होता, आणि तो जास्त अवघड होता.

संगणकाच्या पोटातलं घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालतं. तापमान बदललं, स्फटिक जुना झाला की कंपनांचा वेग किंचित बदलतो. दर दहा लाख कंपनांमागे दहाची चूक ही काही फार मोठी गोष्ट मानली जात नाही, पण दिवसाअखेर तिचे ८६० हून अधिक मिलिसेकंद होतात. म्हणून यंत्रं अधूनमधून दुसऱ्या, अधिक भरवशाच्या घड्याळाला वेळ विचारतात. त्यासाठीची सगळ्यात प्रचलित रीत, 'एनटीपी', डेलावेअर विद्यापीठातल्या डेव्हिड मिल्स यांनी १९८० च्या दशकात घडवली. यंत्र विचारतं, उत्तर येतं, आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळाच्या निम्मा वेळ उत्तराच्या वाटेत गेला असं धरून यंत्र आपला काटा सरकवतं. जातानाची वाट मोकळी आणि येतानाची गर्दीची असेल तर हे गृहीतक चुकतं, आणि चुकल्याचं यंत्राला कळत नाही. इंटरनेटवर काही मिलिसेकंदांची चूक त्यामुळे सहज राहून जाते. पत्रं पाठवायला आणि हिशेब ठेवायला ते पुरेसं होतं. दलाल पेढ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या 'फिन्रा' या संस्थेनेही २०१० साली त्यांच्या घड्याळांना एका सेकंदाची चूक माफ केलेली होती. ज्या धंद्यात तीन हजारांशांसाठी ३० कोटी डॉलर मोजले जात होते, त्याची नोंदवही हजार हजारांशांपर्यंत चुकली तरी चालत होती. ही तफावत किती महागात पडू शकते ते केबल सुरू होण्याच्या तीन महिने आधीच दिसून आलं होतं.

६ मे २०१०, गुरुवार. ग्रीसच्या कर्जामुळे बाजार सकाळपासून घाबरलेला होता. दुपारी २ वाजून ३२ मिनिटांनी एका मोठ्या म्युच्युअल फंड समूहाच्या संगणकाने ७५,००० ई-मिनी वायदे विकायला काढले. त्यांची किंमत सुमारे ४.१ अब्ज डॉलर होती. भाव किती पडतोय याची दखल न घेता उलाढालीच्या ठराविक प्रमाणात विकत राहायचं, असा त्या आज्ञावलीचा हुकूम होता. भाव कोसळला. २ वाजून ४५ मिनिटं २८ सेकंदांनी शिकागोच्या यंत्राने वायद्यांचे व्यवहार पाच सेकंद थांबवले आणि तिथला भाव सावरू लागला. पण शेअरचा बाजार तोवर भरकटला होता. डाऊ जोन्स निर्देशांक दिवसाच्या मध्यावर जवळपास हजार अंकांनी खाली गेला होता. अ‍ॅक्सेंचरसारख्या कंपनीचा शेअर एका सेंटला विकला गेला. २ वाजून ४० मिनिटं ते ३ या वेळात तीनशेहून अधिक शेअर आणि फंडांमध्ये मूळ भावापासून ६० टक्क्यांहून जास्त लांबच्या भावाने २०,००० हून अधिक सौदे झाले. ते सगळे नंतर रद्द करावे लागले.

या दुपारचा छडा लावणाऱ्यांत शिकागोच्या उपनगरातली नॅनेक्स नावाची छोटी कंपनी होती. बाजारातली प्रत्येक हालचाल साठवून विकणं हा तिचा व्यवसाय. तिचे संस्थापक एरिक हनसेडर यांनी त्या दुपारचे भाव एकापुढे एक मांडले तेव्हा त्यांना न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या भावांत काहीतरी खटकलं. ते इतर बाजारांच्या मागे पडलेले दिसत होते, काही वेळा तर सेकंदांनी. पण प्रत्येक भावावर छापलेली वेळ बघितली तर ती ताजीच होती.

कारण सापडलं ते असं. गर्दी वाढल्यावर न्यूयॉर्कच्या यंत्रात भाव तुंबू लागले होते. बाहेर पडण्याआधी प्रत्येक भावाला रांगेत थांबावं लागत होतं, आणि वेळेचा शिक्का बसत होता तो रांगेतून बाहेर पडल्यावर. सकाळी पेटीत पडलेल्या पत्रावर टपाल खात्याने संध्याकाळी शिक्का मारावा आणि घेणाऱ्याने ते संध्याकाळचं समजावं, तसं झालं. पलीकडच्या संगणकांना हा उशीर ओळखता येणंच शक्य नव्हतं. त्यांच्या दृष्टीने न्यूयॉर्कचा भाव आताचा होता. न्यूयॉर्कला चढा भाव दिसतोय म्हणून त्यांनी विक्रीच्या ऑर्डर तिकडे पाठवल्या, आणि तिथे तो भाव कधीच उडून गेलेला होता.

अमेरिकी नियामकांचा संयुक्त अहवाल ३० सप्टेंबर २०१० रोजी आला. भाव पोचायला उशीर झाला होता हे त्याने मान्य केलं, पण कोसळण्याचं मुख्य कारण त्याने त्या मोठ्या विक्रीत आणि घाबरून मागे हटलेल्या खरेदीदारांत शोधलं. नॅनेक्सचं म्हणणं वेगळं होतं. दोघांपैकी कुणाचा कल बरोबर यावर आजही मतभेद आहेत. पण शिक्का कुठे बसतो हा प्रश्न त्या छोट्या कंपनीने विचारला, आणि या सगळ्या इतिहासात तोच प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. घड्याळ बिनचूक असूनही साक्ष खोटी ठरू शकते, हे त्यातून पहिल्यांदा उघड्यावर आलं.

दोन वर्षांनी, १४ सप्टेंबर २०१२ रोजी, अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजला ५० लाख डॉलर दंड केला. सगळ्या देशासाठी असलेल्या सामाईक भावफलकाकडे माहिती पाठवण्याआधी पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या खास वाहिन्यांवर ती पाठवली जात होती, असा आरोप होता. बाजाराने तो ना मान्य केला ना नाकारला. कमिशनने एखाद्या शेअर बाजाराला आर्थिक दंड करण्याची ती पहिलीच वेळ.

तोवर स्प्रेडची केबल जुनी झाली होती. काचेतून प्रकाश त्याच्या पूर्ण वेगाच्या दोन तृतीयांशाने जातो, हवेतून जवळजवळ पूर्ण वेगाने. ही गोष्ट ओळखून अनेक कंपन्यांनी शिकागो आणि न्यू जर्सीच्या मध्ये मनोरे भाड्याने घेतले आणि मायक्रोवेव्हची साखळी उभी केली. २०१२-१३ पर्यंत जाऊन येण्याचा वेळ नऊ मिलिसेकंदांच्या खाली गेला. प्रकाशाने सरळ रेषेत धाव घेतली तरी आठच्या आसपास लागतात, तेव्हा इथे कमवायला आता फारसं काही उरलं नव्हतं. ३० कोटींची केबल २०१७ साली झायो या कंपनीने १२.७ कोटी डॉलरना घेण्याचं ठरवलं.

वेग भौतिकशास्त्राच्या भिंतीला टेकला आणि मग घड्याळांच्या चुका एकामागून एक उजेडात येऊ लागल्या.

३ जून २०१३ रोजी अमेरिकेतल्या कारखानदारीचा मासिक निर्देशांक सकाळी बरोबर १० वाजता जाहीर व्हायचा होता. थॉमसन रॉयटर्सच्या यंत्राने तो वेगवान ग्राहकांकडे १५ मिलिसेकंद आधी पाठवला. घड्याळ जुळवण्यात चूक झाली होती, असं कारण पुढे आलं. त्या १५ हजारांशांत सुमारे २.८ कोटी डॉलरचे शेअर हातोहात फिरले. माणसाच्या डोळ्याला ज्याचा पत्ताही लागला नसता अशा फटीत एवढा व्यवहार झाला, आणि तो करणाऱ्या यंत्रांनी कोणताही नियम मोडलेला नव्हता. त्यांच्याकडे बातमी आली, त्यांनी सौदा केला. दोष एका घड्याळाचा होता.

त्याच वर्षी १८ सप्टेंबरला जे घडलं ते अधिक गुंतागुंतीचं होतं. अमेरिकेची मध्यवर्ती बँक दरमहा ८५ अब्ज डॉलरची रोखेखरेदी कमी करणार, असा सगळ्यांचा अंदाज होता. निर्णयाची बातमी वॉशिंग्टनमधल्या एका बंद खोलीत पत्रकारांना आधी दिली जाई, आणि अणुघड्याळाने दुपारचे दोन वाजवल्यावरच ती बाहेर जायची असा दंडक होता. खरेदी कमी होणार नाही, असा निर्णय निघाला. सोनं उसळलं. सोन्याचे वायदे शिकागोजवळच्या अरोरा गावातल्या यंत्रांवर चालतात, सोन्याचे फंड आणि शेअर न्यू जर्सीत. नॅनेक्सने दोन्हीकडच्या नोंदी काढल्या, तर दोन वाजल्याच्या त्याच मिलिसेकंदात दोन्हीकडे धडाका सुरू झालेला दिसला.

हे शक्यच नव्हतं. वॉशिंग्टनहून शिकागो सुमारे ९५० किलोमीटर, म्हणजे प्रकाशालाही तीन मिलिसेकंदांहून जास्त वेळ. न्यू जर्सी त्याच्या जवळपास एक तृतीयांश अंतरावर. खबर दोनच्या ठोक्याला वॉशिंग्टनहून निघाली असती तर न्यू जर्सीत आधी आणि शिकागोत किमान दोन मिलिसेकंद नंतर हालचाल दिसायला हवी होती, आणि दोन्हीकडे ती ठोक्यानंतरच दिसायला हवी होती. अर्थ एकच निघत होता. बातमी ठोक्याच्या आधीच दोन्ही ठिकाणच्या यंत्रांत येऊन बसली होती आणि तिथल्या घड्याळांनी दोन वाजता तिला सोडलं होतं. बँकेने नंतर वृत्तसंस्थांना बजावलं आणि दोनच्या आधी खोलीबाहेर काहीही जाणार नाही, याची हमी त्यांच्याकडून घेतली. ज्यांनी निव्वळ अंतर आणि वेळ यांच्या त्रैराशिकावर हा प्रकार पकडला त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. पण त्यांनाही तो पकडता आला याचं कारण त्या दोन ठिकाणच्या बाजारांची घड्याळं तोवर बऱ्यापैकी जुळलेली होती.

याच सुमारास मुंबईतही हा प्रश्न आकार घेत होता, आणि त्याची सुरुवात एका समतेच्या गोष्टीने झाली होती. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने नोव्हेंबर १९९४ मध्ये शेअरांचे व्यवहार सुरू केले ते पडद्यावर, आणि देशभरच्या दलालांना जोडलं उपग्रहाच्या थाळ्यांनी. उपग्रह विषुववृत्तावर जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. खालून वर आणि वरून खाली यायला प्रकाशाला पाव सेकंद लागतोच. त्या उंचीपुढे देशातली अंतरं क्षुल्लक. कोल्हापूरचा दलाल असो की गुवाहाटीचा, उपग्रहाच्या वाटेने येणारा प्रत्येकजण जवळजवळ सारखाच उशिरा पोचत होता. दलाल स्ट्रीटच्या रिंगणात उभं राहण्याचा जन्मसिद्ध फायदा त्या थाळ्यांनी बराचसा पुसून टाकला.

मग २०१० च्या सुमारास वांद्रे-कुर्ला संकुलातल्या आपल्या इमारतीत एक्स्चेंजने दलालांना सर्व्हर ठेवायला जागा भाड्याने दिली. बाजाराच्या यंत्राशेजारीच दलालाचं यंत्र, त्यामुळे पाव सेकंदाची गोष्ट संपली. तिथे बसणाऱ्यांना बाजारातल्या प्रत्येक ऑर्डरची माहिती मिळे. पण ती द्यायची पद्धत अशी होती की सर्व्हर एकाला पाठवून मग दुसऱ्याला, त्यानंतर तिसऱ्याला पाठवत असे. सकाळी ज्याने आधी लॉगिन केलं तो रांगेत पुढे. कमी गर्दीचा सर्व्हर ज्याला सापडला त्याची रांगच आखूड. माहितीच्या त्या पाकिटावर छापलेली वेळ सर्वांसाठी एकच असली तरी पाकीट प्रत्येकाच्या हाती वेगवेगळ्या क्षणी पडत होतं. न्यूयॉर्कमध्ये शिक्का रांगेच्या शेवटी बसत होता आणि मुंबईत रांगेच्या सुरुवातीला. दोन्हीकडे रांग मात्र शिक्क्याला दिसत नव्हती.

जानेवारी २०१५ मध्ये एका अज्ञात जाणकाराने सेबी या भारतीय बाजार नियामकाला सविस्तर पत्र लिहिलं. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या 'मनीलाइफ'ने ते प्रकरण छापलं. एक्स्चेंजने त्यांच्यावर १०० कोटी रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. ९ सप्टेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अंतरिम मनाईची मागणी फेटाळली आणि उलट एक्स्चेंजलाच ५० लाख रुपये भरायला लावले. त्यातला बहुतेक पैसा रुग्णालयांना गेला. इतक्या तांत्रिक विषयावर मुंबईच्या पत्रकारांनी दाखवलेली ही चिकाटी मराठी वाचकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. पुढची कायदेशीर वाट लांबलचक झाली. सेबीने ३० एप्रिल २०१९ रोजी एक्स्चेंजला ६२४.८९ कोटी रुपये आणि त्यावर १२ टक्के व्याज भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये अपिलात तो आदेश रद्द झाला आणि हलगर्जीपणासाठी भरायची रक्कम १०० कोटींवर आली. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने संगनमताचा आरोप पुराव्याअभावी सोडून दिला. माहिती एकेकाला देण्याची ती पद्धत मात्र त्याआधीच गेली होती. तिच्या जागी एकच पाकीट सगळ्यांकडे एकदम सोडणारी यंत्रणा आली होती.

उशिराशी झगडण्याचा एक वेगळा मार्ग न्यूयॉर्कमध्ये ब्रॅड कात्सुयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. त्यांच्या आयईएक्स या बाजाराने येणाऱ्या प्रत्येक ऑर्डरच्या वाटेत ६१ किलोमीटर तंतूचं भेंडोळं ठेवलं. त्यातून जायला लागणारे ३५० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी साडेतीनशे, सर्वांना सारखेच. तेवढ्या वेळात बाजार स्वतः इतरत्रचे भाव बघून आपला भाव सुधारून घेई. जून २०१६ मध्ये त्याला पूर्ण शेअर बाजाराची मान्यता मिळाली.

घड्याळांचे काटेकोर नियम शेवटी आले ते युरोपात. ३ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या 'मिफिड २' कायद्याने अतिवेगवान व्यवहार करणाऱ्यांच्या घड्याळांना जागतिक प्रमाणवेळेपासून फक्त १०० मायक्रोसेकंद ढळण्याची मुभा दिली. फोनवरून होणाऱ्या सौद्यांना एक सेकंद. एनटीपी इथे पुरेना. पेढ्यांनी उपग्रहांवरच्या अणुघड्याळांकडून वेळ घ्यायला छपरांवर अँटेना लावल्या, आणि नेटवर्क कार्डावरच शिक्का मारणारी, 'पीटीपी' नावाची अधिक काटेकोर रीत डेटा सेंटरांत पसरली. उपग्रहही चुकतात. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना झालेल्या चुकीने काही तास १३ मायक्रोसेकंदांची गडबड जगभर पसरली होती. म्हणून लंडनच्या काही पेढ्या टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतून जमिनीखालच्या तंतूवरून वेळ विकत घेऊ लागल्या. शिक्का नेमका कुठे मारला आणि घड्याळ कुठल्या मूळ घड्याळाशी जोडलेलं आहे, हे दाखवून देण्याचं बंधनही त्या कायद्याने घातलं. नॅनेक्सने २०१० साली विचारलेला प्रश्न अशा रीतीने कायद्यात शिरला.

अमेरिकेने वेगळं ठरवलं. तिथे शेअर बाजारांच्या स्वतःच्या यंत्रांना १०० मायक्रोसेकंदांची मर्यादा आहे, पण दलाल पेढ्यांसाठी फिन्राने २०१६ साली एका सेकंदावरून जी मर्यादा आणली ती ५० मिलिसेकंदांची. पेढ्यांना खर्च झेपणार नाही, हे त्यामागचं एक कारण. हे कारण पटत नाही. याच धंद्याने तीन मिलिसेकंदांसाठी डोंगर पोखरला होता. दोन पेढ्यांची घड्याळं विरुद्ध दिशांना ढळली तर त्यांच्या नोंदींत १०० मिलिसेकंदांचा फरक पडूनही दोन्ही नियमातच राहतात, आणि तेवढ्या वेळात मायक्रोवेव्हवरचा संदेश शिकागो आणि न्यू जर्सीच्या मध्ये अकरा वेळा जाऊन परत येतो.